कॉय : एका गप्प शब्दाची बदनामी

इंग्लिशमध्ये कॉय म्हणून एक छोटासा शब्द आहे, बॉय-टॉयच्या चालीवर म्हणायचा, आणि कुठलीही डिक्शनरी उघडली तरी अर्थ साधारण एकच सापडतो की लाजाळू, किंवा लाजाळूपणाचा आव आणणारी, त्यातही जास्त करून बाईबद्दल, आणि हे लाजणं असं की त्याने समोरचा लांब जायच्या ऐवजी उलट जवळच यावा. म्हणजे खरीखुरी भीड असेल तर इंग्लिशवाले शाय म्हणतील किंवा बॅशफुल म्हणतील, आणि मुरका मारत, नको नको म्हणत, तिरक्या नजरेने समोरच्याचा अंदाज घेत लाजणं चाललं असेल तर मग कॉय.

मला यातला तो "आव आणणारी" हा भाग फार दिवस खटकतोय. आव आहे हे ठरवलं कोणी? लाजणाऱ्या बाईने तर सांगितलेलं नसतं. बघणाऱ्याने ठरवलेलं असतं. आणि या शब्दाचा सातशे वर्षांचा प्रवास बघत गेलं की हेच दिसतं, की सुरुवातीला या शब्दात आव वगैरे काही नव्हतंच, तो नंतर बघणाऱ्यांनी भरलाय.

मुळापासून सांगतो. लॅटिनमध्ये क्विएतुस असा शब्द होता, अर्थ शांत, स्वस्थ, निवांत. तो रोजच्या बोलण्यात घासला जाऊन क्वेतुस झाला, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये येता येता कोइ झाला, आणि नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांची जी रांग इंग्लिशमध्ये घुसली त्यात हाही चौदाव्या शतकात कॉय होऊन आला. अर्थ तेव्हाही तोच, गप्प, शांत, संकोची. आणि मजा म्हणजे तोच लॅटिन शब्द दुसऱ्यांदाही आला, यावेळी पुस्तकी वाटेने, फारसा न घासता, तो म्हणजे आपल्या ओळखीचा क्वाएट. म्हणजे क्वाएट आणि कॉय हे चक्क सख्खे भाऊ, एकाच आईची दोन पोरं, एक लायब्ररीत पाटी होऊन लागला आणि दुसऱ्यावर नखरेबाज असल्याचा शिक्का बसला.

या घरात अजून बरेच जण आहेत. नोकरी सोडतो ते क्विट, "क्वाइट गुड" मधलं क्वाइट, कोर्टात निर्दोष सुटतो ते अक्विट, मेलेल्यांसाठी गातात ते रिक्वियम, सगळे त्याच मुळाचे. क्विट कसं काय असं वाटेल, तर मध्ययुगात हिशेब चुकता झाला, देणं संपलं की "क्विएतुस एस्त" असं लिहून देत, म्हणजे हा माणूस आता शांत, मोकळा, याच्याकडे काही बाकी नाही. हॅम्लेटच्या त्या जगप्रसिद्ध स्वगतात आयुष्याचा हिशेब सुरीच्या टोकाने मिटवायची भाषा येते तिथे शेक्सपिअरने हाच क्विएतुस वापरलाय. आणि अजून मागे गेलं, लॅटिनच्याही मागे, तर विश्रांती-समाधान अशा अर्थाच्या त्याच मूळ धातूपासून इराणी भाषांमध्ये शाद हा शब्द आला, शाद म्हणजे आनंदी, आणि शादवरून फारसीत शादी, म्हणजे मुळात नुसता आनंद. तेव्हा कॉय आणि शादी हे लांबचे का होईना नातेवाईक निघतात, आणि हे कळल्यावर मी बराच वेळ एकटाच हसत होतो.

असो. इंग्लिश कवी चॉसरकडे येऊ, कारण चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्लिशमध्ये हा शब्द कसा वागत होता ते त्याच्या कँटरबरी टेल्समध्ये फार छान दिसतं. त्यात गोष्टी सांगत तीर्थयात्रेला निघालेली एक टोळी आहे, तिच्यात एक मठाची मुख्य जोगीण आहे, तिचं वर्णन सुरू होतं तेच मुळी असं की हिचं हसणं अगदी साधं आणि कॉय. इथे नखरा असा थेट अर्थ नाहीये, शालीन, मर्यादेतलं हसणं एवढंच. पण चॉसर बेरकी माणूस. "साधी आणि कॉय" ही जोडी त्या काळच्या फ्रेंच प्रेमकथांमध्ये नायिकांसाठी ठरलेली जोडी होती, आणि ती त्याने उचलून एका जोगिणीला लावली, वर तिच्या अंगावर "प्रेम सगळ्याला जिंकतं" असं लॅटिनमध्ये कोरलेली सोन्याची पदकवजा पिनही लटकवली. म्हणजे शब्द सरळ आहे पण तो लावणारा गालातल्या गालात हसतोय. संशयाची पहिली ठिणगी मला तरी इथे दिसते.

त्याच पुस्तकात दुसरीकडे मात्र हा शब्द एका पुरुषाला लावलाय. ऑक्सफर्डचा एक अभ्यासू विद्यार्थी घोड्यावरून मान खाली घालून चाललाय, दिवसभर एक शब्द बोललेला नाही, तर टोळीचा म्होरक्या त्याला चिडवतो की अरे तू तर जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या नव्या नवरीसारखा कॉय आणि चूप बसलायस. इथे कॉय आणि चूप हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, जवळजवळ एकाच अर्थाने. त्या पोराच्या डोक्यात तत्त्वज्ञान चाललंय, त्याला कोणाला जवळ ओढायचं नाहीये. तरी उपमा नव्या नवरीची आलीच. गप्प म्हटलं की बाई, आणि बाई गप्प म्हटली की लाजणं, हा रस्ता तेव्हापासूनच पडत चाललेला दिसतो.

पुढचं दोनशे वर्षांनी शेक्सपिअर. याच्याकडे तर कॉयचे तीन-चार अर्थ एकदम नांदतात. एक अर्थ आता पूर्ण मेलाय, कॉय हे क्रियापद, म्हणजे गोंजारणं, शांत करणं. मिडसमर नाइट्स ड्रीममध्ये परीराणी टिटानिया गाढवाचं डोकं लागलेल्या त्या विणकराला मांडीशी घेते आणि म्हणते ये, तुझे हे गोड गाल मी कॉय करते. इथे लाजायचं काम कोणीच करत नाहीये, गाढव तर मुळीच नाही. दुसरा अर्थ म्हणजे तुटक, हाताला न लागणारी. मच अडू अबाउट नथिंगमध्ये बिआट्रिसबद्दल बोलताना तिची नात्यातली बहीण हीरो म्हणते की हिचं मन कड्याकपाऱ्यातल्या रानटी ससाण्यांसारखं कॉय आहे. ससाणा कोणाशी नखरे करतो? तो फक्त माणसाच्या हातावर येऊन बसत नाही. टेमिंग ऑफ द श्रूमध्ये मागणी घालायला आलेला पेट्रुकिओ कॅथरिनाला सांगतो की तू उद्धट, कॉय आणि तुसडी आहेस असं मी ऐकलं होतं, तिथेही अर्थ शिष्ट, भाव न देणारी असाच. लाडिक वगैरे काही नाही, आणि ज्याने कॅथरिनाची पहिली दहा वाक्यं वाचलीत त्याला हे सांगायलाही नको.

पण खरी मजा त्याच्या १५९३ साली छापलेल्या व्हीनस अँड अडॉनिस या दीर्घकाव्यात आहे, कारण तिथे सगळंच उलटं आहे. प्रेमदेवता व्हीनस त्या कोवळ्या अडॉनिसच्या मागे लागलीये, त्याला घोड्यावरून ओढून काखेत मारलंय, आणि तो तोंड फिरवतोय. तेव्हा ती म्हणते, एक चुंबनच तर मागतेय, एवढा कॉय का होतोस. आता वाचणाऱ्याला स्वच्छ दिसतंय की पोराला काहीही नकोय, त्याला शिकारीला जायचंय. तो लाजत नाहीये, आव आणत नाहीये, तो नाही म्हणतोय. पण व्हीनसला नाही हे उत्तर ऐकायचंच नाही, म्हणून ती त्या नाहीला नाव देते कॉय. म्हणजे तुझं नाही हे खरं नाही नाहीये, जरा ताणून धरलंयस इतकंच. माझ्या मते या शब्दाचं सगळं गुपित या एका ओळीत उघडं पडलंय, आणि ते उघडं पडायला बोलणारी बाई आणि गप्प पुरुष असा उलटा खेळ लागला, नाहीतर आपण नेहमीप्रमाणे वाचून पुढे गेलो असतो.

नेहमीप्रमाणे म्हणजे कसं, तर मार्व्हेल. अँड्र्यू मार्व्हेलची टू हिज कॉय मिस्ट्रेस ही कविता इंग्लिश शिकणाऱ्या अर्ध्या जगाने कधी ना कधी अभ्यासाला घेतलेली असते, तो वारला १६७८ साली आणि कविता छापली गेली १६८१ साली. (मिस्ट्रेस म्हणजे तेव्हा प्रिया, मनात भरलेली बाई, आजचा ठेवलेली वाला अर्थ इथे धरायचा नाही.) कवितेची मांडणी एखाद्या हुशार वकिलाची आहे. आधी म्हणतो, आपल्याकडे भरपूर जागा आणि भरपूर वेळ असता तर बाई तुझं हे कॉय असणं गुन्हा ठरलं नसतं, तू तिकडे हिंदुस्थानात गंगेच्या काठी माणकं वेचली असतीस, मी इकडे हंबर नदीच्या काठी विरहाची रड गायली असती, शंभर वर्षं तुझे डोळे आणि कपाळ वाखाणायला, दोनशे वर्षं एकेका स्तनाला, बाकीच्या सगळ्याला तीस हजार. मग एकदम सूर बदलतो, पण पाठीमागे काळाचा पंखवाला रथ धावत येतोय, थडग्यात तुझं हे जपलेलं कौमार्य शेवटी अळ्यांच्या वाट्याला येणार. आणि मग तिसऱ्या भागात, तेव्हा चल, आत्ताच.

कविता म्हणून ती जबरदस्तच आहे, त्यात वाद नाही. पण हजारदा वाचूनही एक गोष्ट बदलत नाही, ती बाई त्यात एक शब्द बोलत नाही. ती कॉय आहे हे आपल्याला कोण सांगतं, तो. तिला तो आवडतो का? माहीत नाही. ती खरंच मनात हो ठेवून वरवर नाही म्हणतेय, का तिला हा माणूस मुळातच नकोसा झालाय, का घरच्यांची भीती आहे, का गरोदर राहिलो तर पुढे काय याचा साधा व्यवहारी विचार आहे (सतराव्या शतकात हा विचार काही छोटा नव्हता), यातलं काहीच कळायला मार्ग नाही. सगळी कविता तिच्या गप्पपणावर उभी आहे आणि त्या गप्पपणाला शीर्षकातच नाव देऊन टाकलंय. हेरिक नावाच्या कवीने १६४८ साली छापलेल्या कवितेत तरण्या पोरींना सरसकट सल्लाच दिलाय की कॉय राहू नका, वेळेचा उपयोग करा, लग्न करून टाका. म्हणजे तोपर्यंत कॉय हा स्वभाव राहिलेला नव्हता, पोरींचा दोष झाला होता, वेळ वाया घालवणारा.

आता आपल्याकडचे लोक लगेच म्हणतील की आमच्याकडे हे सगळं आधीच होतं, आणि यावेळी ते खरं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेचे जे दहा स्वभावज अलंकार सांगितलेत त्यात कुट्टमित आहे, म्हणजे प्रियकराने स्पर्श केला, मनातून सुख झालं, पण वरून त्रास झाल्यासारखं दाखवलं. हे म्हणजे आजच्या अर्थाने अगदी कॉय. आणि त्याच यादीत विहृत म्हणून एक आहे, बोलायची वेळ आलेली असताना न बोलणं, मग ते स्वभावाने असो की मुद्दाम. मला हे फार आवडतं कारण भरताने दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या, खरी भीड असेल किंवा बहाणा असेल, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. अर्थात ते नटीला शिकवायचं शास्त्र होतं, रंगमंचावर सगळा आवच असतो. खऱ्या आयुष्यातल्या बाईला ते लावायला गेलं की घोटाळा होतो.

आणि सगळ्यात मोठा घोटाळा कवींनी केला नाही, तो झाला विज्ञानात. डार्विनने १८७१ साली द डिसेंट ऑफ मॅनमध्ये प्राण्यांमधल्या जोडीदार निवडीबद्दल लिहिताना म्हटलं की फार तुरळक अपवाद सोडले तर मादी नरापेक्षा कमी उतावीळ असते, तिची मनधरणी करावी लागते, ती कॉय असते. झालं. कवितेतला शब्द जीवशास्त्रात येऊन बसला, तोही एखाद्या बाईबद्दल नाही तर यच्चयावत माद्यांबद्दल. त्यानंतर १९४८ साली बेटमन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने फळमाश्यांवर प्रयोग करून दाखवलं की नराला जितक्या जास्त माद्या तितकी जास्त पिल्लं, मादीला मात्र एकापेक्षा जास्त नरांचा तसा फायदा नाही, मग ती चोखंदळ असणारच. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली. १९७६ साली जीवशास्त्रज्ञ डॉकिन्सने द सेल्फिश जीनमध्ये एक गणिती खेळ मांडला त्यात तर माद्यांचे दोन प्रकारच केले, कॉय आणि फास्ट, आणि नरांचे दोन, एकनिष्ठ आणि उंडगे. तो फक्त समजावण्यापुरता खेळ होता हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे, पण शब्द बघा ना, थेट जुन्या कादंबरीतून उचलल्यासारखे.

मग सारा ब्लॅफर हर्डी ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ माउंट अबूला येऊन बसली, १९७०च्या दशकात, काळ्या तोंडाच्या हनुमान वानरांचा अभ्यास करायला. आणि तिला दिसलं काय, तर या वानरी कॉय वगैरे काही नाहीत, त्या स्वतः होऊन नरांकडे जातात, आपल्या टोळीबाहेरच्या नरांकडेसुद्धा, आणि पोटात आधीच पिल्लू असतानाही जातात, म्हणजे पुस्तकी हिशेबाने ज्याची काहीच गरज नाही तेव्हा. तिने याचा जो अर्थ लावला तो अंगावर काटा आणणारा आहे. टोळीचा ताबा घेणारा नवीन नर आधीची तान्ही पिल्लं मारतो, पण जिच्याशी आपला संबंध आलाय तिचं पिल्लू आपलं असू शकतं म्हणून त्याला सहसा हात लावत नाही. तेव्हा जितक्या नरांना ते पिल्लू आपलं वाटेल तितकं ते सुरक्षित. आई पिल्लासाठी विमा उतरवतेय आणि पुस्तकात लिहिलंय की मादी लाजाळू असते. १९८६ साली तिने या विषयावर निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच कॉय मादीचं मिथक असे शब्द आहेत. तिचा एक मुद्दा असा होता की हे वागणं लोकांच्या डोळ्यांसमोर होतं, पण बघणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं होतं काय बघायचं ते.

आणि बेटमनच्या माश्या? २०१२ साली पॅट्रिशिया गोवॅटी आणि तिच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग त्याच पद्धतीने परत केला. बेटमनच्या काळी डीएनए टेस्ट नव्हती, म्हणून त्याने आईबापांमध्ये वेडेवाकडे पंख, बारीक डोळे अशी दिसणारी व्यंगं असलेल्या माश्या वापरल्या, पिल्लात कोणाचं व्यंग आलं त्यावरून आईबाप ओळखायचे. पण ज्या पिल्लांत दोघांचीही व्यंगं आली ती बरीचशी मोजायच्या आधीच मरून गेली. म्हणजे मोजणीच गडबडलेली. साठेक वर्षं हे कोणी तपासलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीपासूनच पटलेलं होतं. माद्या चोखंदळ नसतातच असं कोणी म्हणत नाहीये हां, खूप प्रजातींमध्ये असतात. पण चोखंदळ असणं आणि कॉय असणं यात फरक आहे, चोखंदळ माणूस निवड करतो, कॉय माणसाची मनधरणी करायची असते.

आता थोडं इकडचं तिकडचं. डिकॉय, म्हणजे फसवून सापळ्यात ओढायचं आमिष, हा शब्द कॉयवरूनच आला असणार असं कोणालाही वाटेल, अर्थही किती जुळतो, पण त्याचा संबंध डच भाषेतल्या पिंजऱ्याशी लावतात, जंगली बदकं ज्यात हाकत नेत तो पिंजरा. जपानी कोई मासा वेगळा. इंग्रजी लष्करी कागदांत कॉय असं लिहिलेलं दिसलं तर तिथे लाजण्याचा काही प्रश्न नाही, ते कंपनीचं लघुरूप आहे. आणि जास्त कॉय या अर्थाने कॉयर म्हणायला जाल तर ऐकणाऱ्याला नारळाचा काथ्या ऐकू येईल, तो शब्द मल्याळममधून गेलेला. फ्रेंचमध्ये मात्र आपला कोइ अजून जिवंत आहे, उच्चार आता क्वा, आणि अर्थ तोच जुना, गप्प. एखादा अवाक झाला, बोलतीच बंद झाली तर "रेस्ते क्वा" म्हणतात, बाई असो की बुवा. तिकडे कोणी त्यात डोळे मिचकावणं घुसवलं नाही.

इंग्लिशमध्ये आज हा शब्द जुन्या अर्थाने कमीच दिसतो, बाईला कॉय म्हटलं की जरा शिळं वाटतं. पण तो बातम्यांत मस्त सापडतो. पुढची निवडणूक लढवणार का या प्रश्नावर मंत्री कॉय, नवीन फोनच्या किमतीबद्दल कंपनी कॉय, सिनेमाच्या शेवटाबद्दल डायरेक्टर कॉय. म्हणजे ताकास तूर लागू द्यायचं नाही, पण चेहऱ्यावर असं हसू ठेवायचं की लोकांनी विचारतच राहावं. आणि गंमत बघा, आव आणण्याचा जो आरोप त्या मार्व्हेलच्या बाईवर कधीच सिद्ध झाला नाही तो इथे शंभर टक्के लागू होतो, कारण मंत्र्याला उत्तर माहीत असतंच, पोस्टर छापायलाही गेलेली असतात.